रात्रीच्या शहरात छायाकृती टिपायच्या आहेत? आधी उजेड शोधा

रात्री माणसांच्या छायाकृती (उजेडासमोर दिसणारे काळे आकार, म्हणजेच सिलुएट) टिपायच्या म्हणून मी पहिल्यांदा बाहेर पडले, तेव्हा दोन तासांत तीनशेच्या वर फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते झकास दिसत होते. सकाळी संगणकावर उघडले आणि तोंडच उतरलं. अर्धवट दिसणारे चेहरे, गढूळ तपकिरी कोट, मागे पांढरेफटक झालेले दिवे. ना धड छायाकृती, ना धड माणूस.

पुढचे काही आठवडे मी सेटिंगला दोष देत होते. खरी चूक वेगळीच होती: मी माणसं शोधत फिरत होते. छत्रीवाला दिसला की त्याच्यामागे, सायकलवाला दिसला की त्याच्यामागे. एकदा तर एका उंच टोपीवाल्या गृहस्थांच्या मागे दोन गल्ल्या चालत गेले. त्यांनी वळून सरळ विचारलं, "काही काम आहे का?" इतकी ओशाळले की त्या रात्री कॅमेरा पिशवीतून पुन्हा बाहेर काढला नाही.

हा उद्योग उलट्या टोकाने करायचा असतो. आधी उजेड शोधायचा, चौकट पक्की करायची, मग बगळ्यासारखं एका जागी उभं राहायचं. माणसं त्या चौकटीत आपसूक चालत येतात. खालच्या पायऱ्याही त्याच क्रमाने लावल्या आहेत.

सोबत काय घ्यायचं

- शटर (उजेड किती वेळ आत येतो), ॲपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडतं) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) हाताने बदलता येतील असा कोणताही कॅमेरा. फोनही चालतो, त्याचं वेगळं पुढे लिहिलं आहे.
- एकच लेन्स. ३५ किंवा ५० मिमी उत्तम, ८५ मिमी असेल तर मजा वाढते. एफ/२.८ किंवा त्याहून मोठं उघडणारी हवी (एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं).
- लेन्सचं हूड (आडवा उजेड अडवणारी कड) आणि पुसायला मऊ कापड.
- मनगटाला किंवा गळ्यात अडकवायचा पट्टा.
- एक जादा बॅटरी आणि रिकामं कार्ड.
- गडद, साधे कपडे. काचेसमोर उभं राहिलात तर तुमचं पांढरं जाकीटच फोटोत उतरतं.

ट्रायपॉड घरी ठेवा. तो हाताचा थरकाप थांबवतो, समोरच्या माणसाची चाल नाही. शिवाय बऱ्याच शहरांत ट्रायपॉड उघडला की लगेच परवानगी विचारली जाते.

पायरी १: दिवसा नाही, संध्याकाळी जागा हेरा

छायाकृतीसाठी लागणारी गोष्ट एकच: माणसाच्या मागे उजेड आणि पुढे अंधार. ऐकायला सोपं आहे, पण शहरात दिवे चारी बाजूंनी असतात. तुमच्या पाठीशी रस्त्याचा दिवा असेल तर तो समोरच्या माणसाच्या तोंडावर पडतो आणि सगळं मुसळ केरात. म्हणून जागा हेरताना आधी मागे वळून बघा. आपल्या पाठीमागे काय पेटलं आहे, हा पहिला प्रश्न.

माझ्या अनुभवात या जागा हमखास साथ देतात:

भुयारी मार्गाचं तोंड. आत अंधार आणि पलीकडे उजेड, किंवा बाहेर अंधार आणि आत ट्यूबलाइट. जिन्याच्या तळाशी उभं राहून वर पाहिलं तर उतरणारा प्रत्येक माणूस मोकळ्या आकाशावर किंवा उजळलेल्या छतावर कोरल्यासारखा दिसतो.

बंद दुकानाची पेटती काच. आत कोणी नाही, समोर फुटपाथ काळोखात. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी, कारण हा उजेड हलत नाही आणि बदलत नाही.

बसथांब्यावरचा जाहिरातीचा पेटता फलक. उजेड सपाट आणि एकसारखा असतो. फक्त मजकूर फार ठसठशीत असेल तर तो माणसाला खाऊन टाकतो. अशा वेळी फलक थोडा धूसर होईल एवढं ॲपर्चर उघडा.

पावसानंतरचा ओला रस्ता. दिवे जमिनीवर उतरतात आणि उजेडाचं क्षेत्र दुप्पट होतं. पाऊस चालू असेल तर आणखी चांगलं: मागून उजेड आलेले थेंब चमकतात, समोरून उजेड आलेले जवळजवळ दिसतच नाहीत. पातळ कापडाची छत्री तर कंदिलासारखी पेटते.

धुकं किंवा वाफ. दिव्याचा एक ठिपका अख्खा पडदा होऊन जातो. हे ठरवून मिळत नाही, मिळालं तर हातातलं काम टाकून बाहेर पडा.

आणखी एक वेळ लक्षात ठेवा. सूर्य मावळल्यावर तो क्षितिजाच्या साधारण ४ ते ६ अंश खाली असतो तेव्हा आकाश गडद निळं होतं आणि शहराचे दिवेही लागलेले असतात. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत हा निळा काळ अगदी थोडी मिनिटं टिकतो, ध्रुवांकडे सरकावं तसा लांबत जातो. त्या मिनिटांत अख्खं आकाशच तुमचा पडदा असतं. पूल, उंच पायऱ्या, गच्चीचा कठडा अशा जागी तेव्हाच जा. नंतर आकाश काळं पडलं की काळ्यावर काळं, हाती काहीच नाही.

जागा पारखायची एक युक्ती आहे. डोळे किलकिले करून बघा. बारकावे पुसले जातात, फक्त उजेडाचे आणि अंधाराचे तुकडे उरतात. आपले डोळे कॅमेऱ्यापेक्षा फार मोठ्या पल्ल्याचा उजेड एकदम पाहतात, त्यामुळे उघड्या डोळ्यांना "चेहरा दिसतोय की" असं वाटतं तिथेही कॅमेऱ्यात ठिक्कर काळं येऊ शकतं. किलकिले डोळे कॅमेऱ्याच्या जास्त जवळचे.

पायरी २: मागचा उजळ पडदा मोठा करा

पहिल्या महिन्यात माझं हे सतत चुकायचं. पेटता फलक मिळायचा, माणूसही मिळायचा, पण त्याचं डोकं उजेडात आणि पाय अंधारात विरघळलेले. वाटायचं फलकच लहान आहे.

यात थोडं गणित आहे. समजा फलक २ मीटर उंच आहे आणि माणूस त्याच्या ४ मीटर पुढे चालतोय. तुम्ही माणसापासून ४ मीटरवर उभे असाल तर त्या फलकाचा उजेड माणसाच्या अंगाची फक्त १ मीटर उंची व्यापतो. तुम्ही माणसापासून १२ मीटरवर गेलात तर दीड मीटर. म्हणजे जितके मागे सराल आणि लांबची (मिमीचा आकडा मोठा असलेली) लेन्स लावाल, तितका मागचा पडदा माणसाच्या मानाने मोठा होतो. उलट, माणूस फलकाला चिकटून चालत असेल तर तुम्ही जवळ असलात तरी भागतं.

जागा नसेल तर पाय सोडून द्या. कंबरेपासून वरची छायाकृती पुष्कळदा जास्त बोलकी असते. अर्धवट घोट्यावर कापलेली मात्र कायम चूक वाटते.

पायरी ३: मीटरवर विश्वास ठेवू नका

कॅमेऱ्याचं मीटर, म्हणजे उजेड मोजणारी सोय, समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतं. रात्रीची चौकट मुळातच काळी, म्हणून मीटर तिला उजळायला बघतं. परिणाम माझ्या पहिल्या रात्रीसारखा: काळं राखाडी होतं आणि दिवे पांढरेफटक पडतात.

म्हणून मॅन्युअल मोड, म्हणजे सगळे आकडे हाताने लावायचे. स्पॉट मीटरिंग (चौकटीतला एक लहान ठिपकाच मोजणारी सोय) निवडा, मागच्या उजळ भागावर रोखा (थेट दिव्याच्या गोळ्यावर नाही, उजळलेल्या भिंतीवर किंवा काचेवर), आकडे ठरवा आणि मग त्यांना हात लावू नका. ऑटोवर राहिलात तर गडद कोटातला माणूस चौकटीत शिरताच कॅमेरा घाबरून सगळं उजळतो.

सुरुवातीला मी हे आकडे वापरते:

- पेटती दुकानाची काच: एफ/२.८, १/२५०, आयएसओ ८००
- झगझगीत जाहिरात फलक: एफ/४, १/२५०, आयएसओ ४००
- रस्त्याच्या दिव्याने उजळलेली भिंत: एफ/२.८, १/१२५, आयएसओ ३२००

एक फोटो काढा, बघा, मग एकेक घर वरखाली करा. माणसावरचा उजेड मागच्या उजेडापेक्षा ४ स्टॉपने कमी असेल तर तो जवळपास काळा येतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड, म्हणून ४ स्टॉप म्हणजे सोळा पटींचा फरक. तेवढा फरक जागेतच नसेल तर सेटिंगने तो आणता येत नाही. जागा बदला.

आता कॅमेऱ्याच्या पडद्याचा सापळा. रात्री डोळे अंधाराला सरावलेले असतात, त्यामुळे कॅमेऱ्याचा पडदा प्रखर भासतो आणि प्रत्येक फोटो आहे त्याहून उजळ दिसतो. पडद्याचा उजेड कमी करा आणि हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं किती आहे ते दाखवणारा आलेख) बघा. आलेखाचा ढीग डाव्या भिंतीला टेकलेला असणार, छायाकृतीत तसंच हवं. उजव्या भिंतीला फक्त दिव्यांचे ठिपके टेकलेले चालतील, मोठा ढीग टेकला तर एक्स्पोजर (फोटोत येणारा एकूण उजेड) उतरवा.

पायरी ४: शटर चालीवरून ठरवा

माणूस साधारण ताशी ५ किलोमीटर वेगाने चालतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर. १/३० सेकंदात तो जवळपास ५ सेंटीमीटर पुढे जातो, १/१२५ मध्ये सव्वा सेंटीमीटरहून कमी. पण पुढे टाकलेला पाय धडापेक्षा बराच वेगात असतो. आडव्या चालणाऱ्या माणसासाठी १/२५० मिळालं तर उत्तम, १/१२५ निदान. तुमच्याकडे किंवा तुमच्यापासून दूर चालणाऱ्यासाठी १/६० वरही भागतं.

मध्येच पट्टे पट्टे आले तर घाबरू नका. विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा असतो तिथे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात, ६० हर्ट्झच्या देशांत १२० वेळा. डोळ्यांना कळत नाही, वेगवान शटरला कळतं. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक शटर लावा. तरीही पट्टे राहिले तर ५० हर्ट्झच्या ठिकाणी १/१०० किंवा १/५०, ६० हर्ट्झच्या ठिकाणी १/१२५ किंवा १/६० वापरा. एलईडीच्या हलत्या जाहिराती स्वतःच्याच तालात मिणमिणतात, तिथे शटर हळूहळू उतरवून पट्टे जातात का तेवढं बघायचं.

पायरी ५: फोकस आधीच लावून ठेवा

अंधारात ऑटोफोकस आंधळी कोशिंबीर खेळतो. चेहरा ओळखण्याची सोय चालू असेल तर पलीकडच्या जाहिरातीतला हसरा चेहरा पकडून बसतो. ती बंद करा. फोकसला मदत करणारा कॅमेऱ्यावरचा छोटा दिवाही बंद करा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत नारिंगी उजेड जातो आणि तो थबकतो.

जिथून माणूस जाणार तिथली जमिनीवरची एखादी खूण धरा: फरशीची फट, गटाराचं झाकण, झेब्रा क्रॉसिंगची कड. तिच्यावर फोकस लावून मॅन्युअलवर टाका. फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा, ३५ मिमी लेन्स, एफ/२.८ आणि ५ मीटरवर फोकस असं असेल तर साधारण पावणेचार ते साडेसात मीटरमधलं सगळं टोकदार येतं. एवढ्या पट्ट्यात माणूस शिरला की दाबायचं. छायाकृतीत डोळे नसतात, नाक नसतं, कड तेवढी असते. ती मऊ पडली तर फोटोत उरत काहीच नाही.

पायरी ६: आकार वाचता आला पाहिजे

इथे जरा थांबा, कारण बाकी सगळं जमूनही फोटो इथेच पडतात.

सिलुएट हा शब्द एतिएन द सिलुएट या फ्रेंच अर्थमंत्र्याच्या नावावरून आला. तो १७५९ मध्ये काही महिनेच त्या पदावर होता आणि काटकसरीसाठी बदनाम झाला. काळ्या कागदातून कापलेल्या स्वस्त व्यक्तिचित्रांना त्याचं नाव चिकटलं. मला ही गोष्ट उपयोगी पडते ती कात्रीसाठी. फोटो काढण्याआधी मनात विचारते: हा आकार काळ्या कागदातून कापून पांढऱ्या कागदावर ठेवला तर काय चाललंय ते कळेल का?

समोरून दिसणारा, हात अंगाला चिकटवून उभा माणूस कापला तर मैलाचा दगड होतो. तोच माणूस बाजूने दिसला की नाक, हनुवटी, पाठीचा बाक, हातातली पिशवी, सगळं कडेवर येतं. चालताना पाय पूर्ण फाकलेले असतात तो क्षण पकडा, दोन पायांमध्ये उजेडाचा त्रिकोण दिसला पाहिजे. पाय एकमेकांवरून जातात त्या क्षणी माणूस एका पायावर रोवलेल्या खांबासारखा दिसतो. मी पायांचा ताल दोन-तीन पावलं मनात मोजते आणि चौथ्याला दाबते. सलग फोटो काढूनही चालतं, पण ताल मोजायला शिकलात तर घरी आल्यावर निवडत बसायचे दोनशे फोटो वाचतात.

कोपर आणि अंग यांच्यातली फट, फोन कानाला लावलेल्या हाताचा कोन, टोपीची कड, मान वळवून मागे पाहणं: माणसाची ढब यांतच असते. दोन माणसं असतील तर त्यांच्यामध्ये उजेडाची निदान एक रेघ हवी. ती मिटली की दोन डोक्यांचं गाठोडं उरतं. मिठी मारलेली दोन माणसं मात्र गाठोडं झाली तरी चालतात, तिथे गाठोडंच विषय आहे.

आणि डोकं. डोक्यामागे खांब, झाड, काळी खिडकीची चौकट येऊ देऊ नका. डोकं काळ्यात बुडालं की माणूस संपला. यावर सोपा उपाय खाली बसणं. कॅमेरा गुडघ्याइतका खाली नेला की डोकं क्षितिजाच्या गर्दीतून सुटून वरच्या उजेडात जातं. फोन असेल तर उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीपासून बोटभर अंतरावर येते. ओल्या रस्त्यावर याने प्रतिबिंबही लांबलचक मिळतं.

दिवा बरोबर डोक्यामागे लपवायचा मोह सगळ्यांना होतो. साधला तर डोक्याभोवती वलय येतं. पण दिवा अर्धा बाहेर डोकावला की कडा खाल्ल्या जातात आणि फोटोभर हिरवे-जांभळे ठिपके पसरतात. लेन्सवर संरक्षक फिल्टर असेल तर हे ठिपके आणखी वाढतात, रात्री तो काढून ठेवा.

पायरी ७: फोनने काढत असाल तर

फोनची हुशारी इथे तुमच्या विरोधात काम करते. नाइट मोड अनेक फोटो एकावर एक रचून अंधार उजळतो. तुम्हाला तोच अंधार हवा आहे, आणि चालणारा माणूस त्या रचण्यात भुतासारखा पुसट होतो. नाइट मोड आणि एचडीआर (उजेड-अंधारातला फरक आपोआप कमी करणारी सोय) दोन्ही बंद करा. पडद्यावर मागच्या उजळ भागावर बोट दाबून धरा, बहुतेक फोनांत याने फोकस आणि उजेड कुलूपबंद होतात. मग बोट खाली ओढून माणूस काळा होईपर्यंत उजेड उतरवा.

फोकस उजळ भिंतीवर अडकल्याने जवळचा माणूस मऊ येत असेल तर त्याला भिंतीजवळून जाऊ द्या. डिजिटल झूम टाळा. आणि लेन्स पुसा. खिशातल्या फोनवर बोटांचा तेलकट थर असतोच, आणि रात्री प्रत्येक दिव्यातून त्याची लांब रेघ निघते.

पायरी ८: लोक, कायदा आणि स्वतःचा जीव

सार्वजनिक ठिकाणी लोकांचे फोटो काढण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. जिथे काढणार तिथले आधी वाचा, विशेषतः स्थानकं, विमानतळ आणि पोलिसी किंवा लष्करी इमारतींच्या आसपासचे. छायाकृतीत चेहरा नसतो म्हणून सगळं माफ, असं समजू नका. ओळखीचा माणूस नुसत्या चालीवरूनही ओळखू येतो. कोणी विचारलं तर फोटो दाखवा, नको म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसा. फुटपाथवर झोपलेले लोक आणि एकटी लहान मुलं मी काढत नाही. फ्लॅश कधीच नाही, त्याने छायाकृतीही मरते.

व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे सरकू नका. मागे रस्ता असतो. गाड्यांच्या दिव्यांसमोरचे फोटो फार सुंदर येतात, पण ते फुटपाथवर उभं राहून काढा, क्रॉसिंगच्या मधोमध नाही. सुरुवातीला कोणालातरी सोबत न्या. एक जण चौकटीत बघतो, दुसरा आजूबाजूला. सोबत असली की आणखी एक फायदा: माणसं येत नसतील तेव्हा तिलाच दोन-चार फेऱ्या मारायला लावता येतात. माझे पहिले जमलेले फोटो असेच आले आहेत, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पायरी ९: घरी आल्यावर

फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढलेले असतील तर काम पाच मिनिटांचं आहे. काळा आणखी थोडा खाली ओढा, म्हणजे कोटाच्या घड्यांमधला उरलासुरला गढूळपणा आणि अंधारात उमटणारे दाणे (नॉइज) दोन्ही बुडतात. सावल्या उजळणाऱ्या पट्टीला हात लावू नका. क्लॅरिटी (कडांचा उठाव) वाढवाल तर माणसाभोवती पांढरी किनार उमटते आणि तो चिकटवल्यासारखा दिसतो. रंगांसाठी सगळ्या मालिकेला एकच व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या पिवळ्या-निळ्या छटेचा तोल) द्या, ३२०० ते ४००० केल्विनच्या दरम्यान कुठेतरी. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांखालचे फोटो दुरुस्त करत बसू नका, तिथे रंग फारसे शिल्लकच नसतात. सरळ कृष्णधवल करा.

पहिल्या रात्रीचा बेत

एकच पेटती काच निवडा. समोर, अंधाऱ्या बाजूला उभं राहा. आकडे लावा, खुणेवर फोकस लावा. एक तास तिथून हलायचं नाही आणि चाळीसपेक्षा जास्त फोटो काढायचे नाहीत. पहिली दहा मिनिटं नुसती माणसं जाऊ द्या: कोण कुठून येतं, कुठे वळतं, काचेसमोर कोण रेंगाळतं, ते बघा. परतल्यावर बॅटरी चार्जिंगला लावा आणि झोपा. फोटो सकाळी उजेडात उघडा, रात्रीच्या डोळ्यांनी नाही.